सेंट झेवियर्स : वर्गाबाहेरच्या अभ्यासाची परंपरा

आपल्या कॉलेजचा जन्मदिवस २ जानेवारी १८६९. मुंबई विद्यापीठाला तेव्हा जेमतेम बारा वर्षे झाली होती. शहरात सरकारी एल्फिन्स्टन होते आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांची प्रोटेस्टंट संस्था होती. कॅथलिकांच्या मुलांना मात्र पदवीसाठी जायला स्वतःचे कॉलेज नव्हते. साष्टी-वसईचे आणि माझगाव-माहीमचे मूळचे ख्रिस्ती (पुढे यांनाच ईस्ट इंडियन म्हणू लागले) आणि गोव्याहून नोकरीसाठी येऊन धोबी तलावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, पथारी टाकणारे गोवेकर मिळून हा समाज बराच मोठा होता. बिशप लिओ म्युरिन यांच्या काळात जर्मन जेझुइटांनी ही उणीव भरून काढली. जेझुइट म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. याच संघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरले होते, त्यांचेच नाव कॉलेजला मिळाले.

कॉलेज कॅथलिकांचे असले तरी ते फक्त कॅथलिकांसाठी कधीच नव्हते. पारशी, हिंदू, मुसलमान, यहुदी अशा सगळ्या घरांतली मुले इथे शिकली. गिरगावातल्या मराठी मुलाला तर हे पायी गाठता येण्याजोगे कॉलेज. शिकवण्याची भाषा अर्थातच इंग्रजी. याच येशूसंघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले होते, आणि अडीचशे वर्षांनी त्याच संघाच्या कॉलेजात मराठी हा बऱ्याच विषयांतला एक विषय होऊन बसला. विद्यापीठाचीच भाषा इंग्रजी होती, तेव्हा याचा दोष फादरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. तरीही एका मराठी माजी विद्यार्थ्याने लिहिलेल्या इतिहासात त्याची नोंद असायला हवी.

पहिल्या पन्नास वर्षांत कॉलेजची घडी युरोपातल्या राजकारणाने दोनदा हलवली. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जेझुइटांना देशाबाहेर काढणारा कायदा केला. मायदेशात शिकवण्याची वाट बंद झालेले विद्वान जगभर पांगले आणि मुंबईच्या वाट्यालाही चांगले शिक्षक आले. हा झाला लाभ. १९१४ च्या महायुद्धाने तो व्याजासकट परत घेतला. जर्मन म्हणजे शत्रुराष्ट्राचे नागरिक, मग अंगावर झगा असो की गणवेश. सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि शेवटी मायदेशी धाडले. कॉलेज चालवणारी जवळजवळ सगळी माणसेच निघून गेली. जे मागे राहिले त्यांत फादर एथेलबर्ट ब्लॅटर होते. त्यांचा जन्म स्वित्झर्लंडचा, आणि तो देश युद्धात तटस्थ होता म्हणून ते वाचले. १९१९ मध्ये तेच प्राचार्य झाले. पुढे विसाच्या दशकात मुंबईचे हे काम स्पॅनिश जेझुइटांकडे गेले आणि कॉलेजला नवी फळी मिळाली.

ब्लॅटर १९०३ मध्ये मुंबईत आले. वनस्पती गोळा करायच्या, दाबून वाळवायच्या, जाड कागदावर डकवायच्या, कुठे, कधी आणि कोणाला मिळाली ते चिठ्ठीवर लिहायचे, हे काम त्यांनी १९०६ पासून चिकाटीने उभे केले. त्यातूनच आजचे ब्लॅटर हर्बेरियम झाले. इथे सुमारे दोन लाख नमुने आहेत आणि जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला ‘ब्लॅट’ या अधिकृत संकेताक्षराने ओळखतात. पश्चिम भारतातल्या एखाद्या गवताच्या नावावरून वाद निघाला, तर तो मिटवायला लोक आपल्या कॉलेजच्या कपाटांपाशी येतात. गवताचा उल्लेख सहज केलेला नाही. ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांचे मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचे पुस्तक १९३५ मध्ये, ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाले आणि अभ्यासक ते अजूनही उघडतात. सिंधूच्या मुखाकडच्या वनस्पतींवर त्यांनी लिहिले तेव्हा मॅककॅन यांच्याबरोबर सबनीस हेही सहलेखक होते. नावे एवढ्यासाठी देतो, की हे काम एकट्या फादरांचे नव्हते. त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडणारी तरुण माणसे होती आणि पुस्तकावर त्यांचीही नावे छापली गेली. त्या काळात ही गोष्ट सर्रास घडत नसे.

याच ब्लॅटर यांच्यामुळे देशाला एक मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला, हेही सांगायला हवे. सालिम अली ब्रह्मदेशातून परतले होते आणि डावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत होते. त्यांचा जीव त्यात रमत नाही, हे ब्लॅटर यांनी ओळखले आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी डावर्समध्ये हिशेब आणि तिथून निघाले की झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा सालिम अलींचा क्रम सुरू झाला. त्यांनी विद्यापीठाची पदवी कधीच घेतली नाही. म्हणजे आपल्या कॉलेजच्या सर्वांत नामवंत विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव पदवीधरांच्या यादीत सापडणार नाही. पदव्यांच्या याद्या चाळून या संस्थेचा इतिहास का लिहिता येत नाही, ते यावरून कळावे.

प्राचार्यपद सोडल्यावर ब्लॅटर पाचगणीला चर्चचे काम पाहू लागले, आणि तिथेही झाडे होतीच. १९३४ मध्ये ते गेले. त्यांचा वारसा फादर सांतापाव यांनी चालवला. हे मूळचे कॅटलोनियाचे, १९२८ मध्ये भारतात आले आणि १९४० पासून झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. खंडाळ्याचा डोंगर त्यांनी ऋतूमागून ऋतू पायाखाली घातला. त्यातून १९५३ मध्ये आलेला खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ सह्याद्रीवर काम करणाऱ्यांच्या हाती अजून असतो. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी आणि फुलली की आख्खा डोंगर जांभळा करून टाकणारी कारवी ज्या कुळातली, त्या कुळावर त्यांनी फार बारकाईने लिहिले. १९५४ मध्ये सरकारने त्यांना भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागात बोलावले. १९६७ पर्यंत त्यांनी तो विभाग सांभाळला आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. सांतापाव दिल्ली-कोलकात्याकडे गेले तरी कपाटे इथेच राहिली आणि त्यांच्यावरचे कामही चालू राहिले. सावंतवाडीची वनस्पतिसूची आणि महाराष्ट्राच्या वनस्पतींचे अनेक खंडांचे काम हे याच हर्बेरियमचे फळ आहे.

शेजारच्या केयस प्रयोगशाळेमागेही अशीच एक गोष्ट आहे. फादर केयस हे औषधिशास्त्रज्ञ परळच्या हाफकिन संस्थेत काम करत. तिथे त्यांनी डॉ. म्हसकर यांच्याबरोबर एक चिवट प्रश्न हातात घेतला. सापाच्या विषावर गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या झाडपाल्यात काही दम आहे का? शेकडो वनस्पती तपासल्या आणि एकीचाही गुण येत नाही, असा निष्कर्ष १९३१ मध्ये छापला. न सापडल्याचा निष्कर्ष छापायला धाडस लागते. एरवी झाडपाल्याचे कौतुक करणाऱ्या माणसानेच तो छापला, हे मला जास्त मोलाचे वाटते.

विज्ञानाच्या बाजूला ब्लॅटर, तसे कलाशाखेच्या बाजूला फादर हेन्री हेरास. बार्सिलोनाचे हेरास १९२२ च्या अखेरीस आले. त्यांच्या नेमणुकीची कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवाल, असे प्राचार्यांनी विचारले. हेरास म्हणाले, भारताचा. त्याबद्दल काय माहीत आहे? काहीच नाही. मग शिकवणार कसे? अभ्यास करून. कथेला वर्षानुवर्षांची कल्हई चढली असेल, पण पुढे जे घडले ते कागदावर आहे. पाच वर्षांत विजयनगरच्या अराविडु घराण्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. १९२६ मध्येच त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था काढली होती. आज ती त्यांच्याच नावाने चालते.

हेरास यांचे शिकवणे नुसते व्याख्यानापुरते नव्हते. एम. ए.च्या विद्यार्थ्याने मूळ साधने हाताळलीच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. ताम्रपट वाचा, नाणी पाहा, पडक्या देवळात जाऊन शिलालेखाचा ठसा घ्या आणि मग बोला. जॉर्ज मोराएस यांचा कदंब घराण्यावरचा ग्रंथ या आग्रहातूनच आला आणि गोव्याच्या इतिहासाला त्याने भक्कम पाया दिला. सुट्टीत हेरास देशभर हिंडत आणि परत येताना मूर्ती, नाणी, हस्तलिखिते घेऊन येत. कॉलेजातला संग्रह असा वाढत गेला. ख्रिस्ती चित्रे युरोपच्या साच्यातूनच का यावीत, असेही त्यांना वाटे. आंजेलो द फोन्सेका हा गोव्याचा चित्रकार मरियेला साडी नेसवून रंगवत होता, आणि त्यामुळे त्याला स्वतःच्या समाजाकडून बोलणी खावी लागत. अशा वेळी हेरास त्याच्या पाठीशी उभे राहिले. सिंधू लिपी उलगडल्याचा त्यांचा दावा विद्वानांनी मानला नाही आणि पुढच्या संशोधनानेही त्याला आधार दिला नाही. स्मरणिकेत लिहितो म्हणून ते झाकण्याचे कारण नाही. १९५५ मध्ये ते मुंबईतच निवर्तले, आणि १९८१ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

या सगळ्या माणसांत एक धागा दिसतो. विद्यापीठाने ठरवलेला अभ्यासक्रम ते शिकवत होते, परीक्षेला मुलेही बसवत होते, पण त्यांचा खरा जीव वर्गाच्या शेजारच्या खोलीत होता. कपाट, सूची, नमुना, चिठ्ठी हेच त्यांचे खरे शिकवणे. मुंबई विद्यापीठाची वार्षिक परीक्षा म्हणजे बारा महिन्यांचा हिशेब तीन तासांत. गाइड पाठ करून पहिला वर्ग मिळवणारी मुले इथेही होती, पुष्कळ होती. त्या रेट्यासमोर शेजारची खोली टिकली, हीच या संस्थेची कमाई. माझ्या मते दगडी कमानींपेक्षाही मोठी.

आता विद्यार्थ्यांकडे. महापालिका मार्गावरचे हे कॉलेज मुंबईच्या फार गजबजलेल्या कोपऱ्यावर उभे आहे. एका अंगाला कामा रुग्णालय, पलीकडे किल्ला कोर्ट, नाक्यावर मेट्रो सिनेमा, जवळच आझाद मैदान. पश्चिम रेल्वेची मुले मरीन लाइन्सला उतरतात, मध्य रेल्वेची आणि हार्बरची व्ही.टी.ला. (सीएसएमटी म्हणणारी पिढी आता आली, पण आमच्या तोंडी अजून व्ही.टी.च.) विरारची साडेसातची लोकल आणि डोंबिवलीचा फलाट यांतून सुटून जे पहिल्या तासाला पोचतात त्यांच्या अभ्यासात प्रवासाचे तासही धरायला हवेत. परीक्षेच्या दिवसांत लोकलच्या डब्यात उभ्या उभ्या वाचलेल्या वह्यांनी किती जणांना पास केले असेल!

कॉलेजच्या आत भेटीची ठिकाणे ठरलेली. फॉयर, मधला चौक आणि झाडांची ‘वुड्स’. कोण कुठे बसते यावरून त्या माणसाची शाखा आणि ऐपत दोन्ही ओळखता येतात, असे म्हणतात. ते पूर्ण खरे नाही, अगदी खोटेही नाही. दक्षिण मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलांचा सहजपणा आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पहिल्या सहामाहीतले गप्प राहणे इथे शेजारी शेजारी नांदत आले आहे. पुष्कळ जण दुसऱ्या वर्षापर्यंत बोलते होतात, काही होत नाहीत. मराठी वाङ्मय मंडळाचे काम नेमके इथे उपयोगी पडले. ‘आमोद’ या महोत्सवात एकांकिका, वक्तृत्व, लोककला यांच्या निमित्ताने गप्प बसणारी मुले मंचावर आली आणि इंग्रजी शाळेतल्या मराठी घरच्या मुलांनाही आपली भाषा लाज न वाटता बोलता आली. बाहेर क्यानीचा बनमस्का सगळ्यांना परवडत असे. १९०४ पासून उघडे असलेले ते इराणी हॉटेल आमच्या कित्येक तासांचे साक्षीदार आहे. त्यांतले काही तास उपस्थितीच्या रजिस्टरात गैरहजर म्हणून नोंदले आहेत.

नाटकाचा नाद जुना. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी चाळीसच्या दशकात इथे विद्यार्थी होते आणि सुलतान पदमसी यांच्याबरोबर इंग्रजी रंगभूमीवर धडपडत होते. पुढे १९६२ पासून पंधरा वर्षे त्यांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालय घडवले. त्यातून महाराष्ट्राला किती नट-दिग्दर्शक मिळाले ते वेगळे सांगायला नको. १९७० च्या सुमारास शबाना आझमी आणि फारुख शेख यांनी कॉलेजात हिंदी नाट्य मंच सुरू केला, इंग्रजी नाटकांचा बडिवार होता त्याच आवारात. नाटकाबाहेरची नावेही आहेत. क्रिकेटपटू सुनील गावस्कर शाळेपासून झेवियर्सचेच. १९७१ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. झाकीर हुसेनही इथलेच पदवीधर.

१९७३ मध्ये इंडियन म्युझिक ग्रुप निघाला आणि त्यातून ‘जानफेस्ट’ आला. जानेवारीची थंडी, मधल्या चौकात अंथरलेल्या सतरंज्या आणि समोर हिंदुस्थानी संगीतातली मोठी माणसे. विद्यार्थ्यांनी उभी केलेली ही मैफल, तिच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रहही त्यांनीच सांभाळला. मला तरी हा हर्बेरियमचाच धाकटा भाऊ वाटतो. १९७९ मध्ये ‘मल्हार’ महोत्सव सुरू झाला. ऑगस्टचा पाऊस आणि त्या रागाचे नाव. आज तो देशभरच्या कॉलेजांना ओढून आणतो. त्याचा पसारा, प्रायोजक, टी-शर्ट आणि समित्यांची उतरंड पाहून जुने विद्यार्थी नाके मुरडतात. पण अठरा-एकोणीस वर्षांची मुले हजारो माणसांचा तीन दिवसांचा कारभार उभा करतात, हा अनुभव कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात नाही.

मधल्या काळात कॉलेजची रचनाही बदलली. महाराष्ट्रात दहावी-बारावीचा आकृतिबंध १९७५ पासून लागू झाला. ‘इंटर’ हा शब्द गेला, अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय आले आणि सोळा वर्षांची मुले आवारात दिसू लागली. शेजारही बदलला. रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावरून येणारे सूर शांतता क्षेत्राच्या नियमामुळे थांबले. अभ्यास करणाऱ्यांना बरे वाटले असेल, बाकीच्यांना नाही.

याच शेजारात एक काळी रात्रही आली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालय आणि रंगभवनाच्या गल्लीत, म्हणजे आपल्या कुंपणाला लागूनच, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी अतिरेक्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

कुंपणाबाहेरच्या जगासाठी कॉलेज काय करते, हा प्रश्नही जुना आहे. येशूसंघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. आमच्या शाळा-कॉलेजांनी तुम्हाला दुसऱ्यांसाठी जगायला शिकवले का, हा त्यांचा प्रश्न होता आणि उत्तर त्यांनी स्वतःच नकारार्थी दिले. श्रोत्यांत बरीच नाराजी पसरली. त्या प्रश्नाचे झेवियर्समधले उत्तर म्हणजे सामाजिक सहभागाचा कार्यक्रम. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत साठ तास काम करायचे. सक्तीची सेवा ही सेवा कसली, हा आक्षेप दर वर्षी नव्याने निघतो, आणि त्यात तथ्यही आहे. पण पालिकेच्या शाळेत गणित शिकवताना आपल्यालाच ते नीट येत नाही हे कळलेली मुले मी पाहिली आहेत. २००३ मध्ये समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सॅम तारापोरवाला यांच्या पुढाकाराने दृष्टिहीनांसाठीचे केंद्र सुरू झाले. ते स्वतः दृष्टिबाधित. पुस्तके वाचता येतील अशा रूपात मिळावीत, बँकेचे बोलणारे एटीएम यावे, यासाठी या केंद्राने कॉलेजच्या भिंतीबाहेर जाऊन लढा दिला.

२०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. मुंबई विद्यापीठाच्या कला-विज्ञान कॉलेजांत ती पहिल्यांदा आपल्याला. अभ्यासक्रम आपला, प्रश्नपत्रिका आपली, पदवी विद्यापीठाची. वार्षिक परीक्षेच्या जागी सत्रे आली आणि अंतर्गत मूल्यमापन आले. विद्यार्थी त्याला ‘सीआयए’ म्हणतात आणि त्या नावाने भीतीही बाळगतात. ब्लॅटर आणि हेरास यांना जे विद्यापीठाच्या चौकटीच्या कडेने करावे लागले, ते आता चौकटीतच करता येण्याजोगे झाले. ते तसे होते आहे का? काही विभागांत नक्की. काही ठिकाणी मात्र प्रकल्प, सादरीकरण आणि गुण यांची धावपळ एवढी वाढली आहे, की कपाट उघडून एखादा नमुना स्वस्थपणे पाहायला कोणाला वेळ नाही. स्वायत्ततेचा हिशेब मांडताना हे खातेही तपासावे लागेल.

२०१५ मध्ये डॉ. अॅग्नेलो मिनेझिस प्राचार्य झाले. जवळजवळ दीडशे वर्षांत या खुर्चीवर बसलेले ते पहिले जेझुइट नसलेले प्राचार्य. त्यांच्यानंतर आलेले डॉ. राजेंद्र शिंदे वनस्पतिशास्त्राचे, ब्लॅटर हर्बेरियममध्ये काम केलेले.

हा इतिहास लिहिताना एक गोष्ट खटकत राहिली. १९१० साली कोणत्या डोंगरावर कोणते गवत उगवले होते ते या कॉलेजात पाच मिनिटांत सापडते. पण मराठी वाङ्मय मंडळाच्या जुन्या एकांकिकांत कोण होते, पहिल्या जानफेस्टची निमंत्रणपत्रिका कशी होती, गिरगावातून चालत येणाऱ्या मुलाची फी किती होती, हे विचारायला जुन्या माणसांचे दार ठोठावावे लागते, आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे. घरच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत कॉलेजचे काहीही असेल, म्हणजे ओळखपत्र, फीची पावती, भित्तिपत्रक, नाटकाचे हस्तपत्रक, गटाचा फोटो, वर्गातली वही, तर ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे नावे आणि वर्ष लिहा आणि कॉलेजच्या ग्रंथालयाकडे द्या. चिठ्ठी लावायला मात्र विसरू नका.